कातावलेले दिवस

इतिहास म्हटला की आपल्याकडे तो तलवारीचा तरी असतो, नाहीतर तहाचा तरी. बी.कॉम.ला असताना मला आर्थिक इतिहास नावाचा विषय होता. त्यात तलवारी नाहीत म्हणून मोठ्या आशेने घेतला, तर त्यात तागाच्या गिरण्या निघाल्या. त्यानंतर गेली पंचवीस वर्षे मी बँकेच्या खिडकीत बसून लोकांना त्यांचा इतिहास पासबुकात छापून देतो आहे. या अनुभवावरून एक सांगतो. माणसाने काय जमवले ते त्याच्या पासबुकात सापडते, पण त्याचा खरा स्वभाव त्याने काय टाकून दिले त्यात सापडतो. म्हणून आज ज्या वस्तूचा इतिहास सांगायला बसलो आहे ती टाकून दिलेलीच वस्तू आहे. सापाची कात.

कात म्हटल्याबरोबर निम्म्या वाचकांच्या तोंडाला पाणी सुटले असेल, तर त्यांनी चुना-सुपारी परत डब्यात ठेवावी. तो कात वेगळा. तो पुल्लिंगी, आणि तो खैराच्या झाडातून निघतो. ही कात स्त्रीलिंगी, आणि ही सापातून निघते. दोन्ही अंगणात पडलेल्या दिसल्या की घरातली बाई ओरडते, एवढेच साम्य.

आता भाईंदरच्या बँक कारकुनाला सापाच्या कातेशी काय देणेघेणे, असे आपण विचाराल. अहो, भाईंदरला नाही तर कोणाला? आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे मिठागर, त्यापलीकडे तिवरे, त्यापलीकडे खाडी. काशिमिऱ्याच्या अंगाला गेलात तर राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. धामण, दिवड, नाग, घोणस ही मंडळी इथली जुनी रहिवासी. आम्ही नंतर आलो आणि सोसायटी रजिस्टर करून मोकळे झालो. त्यांनी केली नाही, एवढाच त्यांचा गुन्हा.

मराठी भाषेने मात्र कातेला घरचेच मानले आहे. नाटक कंपनी कात टाकते, वर्तमानपत्र कात टाकते, आणि भाईंदरने कात टाकल्याची बातमी तर वर्षातून दोनदा छापून येते. ती खोटीही नाही. १९८५ साली मिरा-भाईंदरची नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका झाली, २०११ च्या जनगणनेत आम्ही आठ लाखांवर गेलो. साप मोठा होतो म्हणून कात टाकतो आणि नवी कात त्याला ऐसपैस होते. आमची नवी कात दर वेळी पहिलीपेक्षा घट्ट निघाली, हे सकाळी आठ वाजता लोकलच्या दारात उभे राहिले की कळते. बँकांचेही तेच. १९ जुलै १९६९ ला एका रात्रीत चौदा बँकांनी कात टाकली आणि त्या सरकारी झाल्या. १ एप्रिल २०२० ला दहांनी मिळून टाकली आणि त्यांच्या चार झाल्या. बाहेरची पाटी बदलली, पासबुकाचा रंग बदलला. आत खुर्चीवर टॉवेल टाकून बसलेला साप तोच होता.

आणखी एक शब्द आहे. आपल्याकडे माणूस कातावतो. चिडतो, संतापतो याहून ही तऱ्हा वेगळी. चिडलेल्या माणसाला कारण असते. कातावलेल्याला कारण विचारले की तो जास्त कातावतो. या शब्दाच्या पोटात कात बसलेली आहे, आणि ज्याने साप पाळले आहेत तो सांगेल की ती तिथे अगदी शोभते. कात टाकण्याच्या आधीच्या दिवसांत एरवीचा गरीब सापही असाच वागतो. अन्नाला तोंड लावत नाही, कोपऱ्यात तोंड खुपसून बसतो, आणि हात लावायला गेलात तर फुस्स करून अंगावर येतो. आमच्या घरात सोळा वर्षांचा मुलगा असल्यामुळे ही लक्षणे मला पाठ आहेत.

पण इतिहास सांगायचा तर मुळापासून. जगातल्या अगदी जुन्या कथांपैकी एक म्हणजे मेसोपोटेमियाच्या गिल्गमेश राजाची. हा राजा तरुण करणारी वनस्पती समुद्राच्या तळातून काढून आणतो आणि वाटेत आंघोळीला उतरतो. तेवढ्यात एक साप येऊन ती वनस्पती पळवतो, आणि जाता जाता कात टाकतो. राजा बसतो रडत. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वीच्या माणसालाही सापाची कात पाहून हाच प्रश्न पडला होता की याला नवे अंग मिळते, मग मला का नाही? आजचा माणूस तोच प्रश्न आरशासमोर उभा राहून, क्रीम चोळत विचारतो.

आपल्याकडेही तसेच. पंचविंश ब्राह्मणात सर्पांनी केलेल्या सत्राची हकीकत आहे. त्या सत्राने सर्पांनी मृत्यूला जिंकले आणि म्हणून ते जुनी कात टाकून पुढे सरपटतात, असा तिचा भाव. पुढे महाभारतात जनमेजयाने सर्पसत्र मांडले ते सर्पांना जाळायला. आस्तिक मधे पडला म्हणून उरलेले वाचले. एकाच नावाच्या दोन योजना आणि दोन्हींचे फळ उलटे, हा प्रकार सरकारी बँकेत राहिलेल्या माणसाला मुळीच नवा नाही. बृहदारण्यक उपनिषदाने कातेकडे दुसऱ्या बाजूने पाहिले. वारुळावर कात निर्जीव पडून राहावी तसे ज्ञानी माणसाचे शरीर मागे पडते, असे तिथे सांगितले आहे. बौद्धांच्या सुत्तनिपातातले पहिलेच सुत्त सापाच्या नावाचे, आणि भिक्षूने राग-लोभ कसे टाकावेत, तर सापाने जीर्ण कात टाकावी तसे, हे त्यात पुन्हा पुन्हा येते. सगळ्या थोर मंडळींना कात दिसली ती टाकून झाल्यावरची. टाकण्याआधीचे आठ दिवस तो जीव कसा काढतो, हे कोणी फारसे विचारले नाही.

ते विचारले ॲरिस्टॉटलने. हा ग्रीक गृहस्थ सव्वादोन हजार वर्षांपूर्वी प्राण्यांवर ग्रंथ लिहीत बसला होता. त्याने लिहून ठेवले की कात सुटायला डोळ्यांपासून सुरुवात होते, त्यामुळे ज्याला माहीत नाही त्याला साप आंधळा होतो आहे असे वाटते. मग डोके सुटते आणि एका दिवसरात्रीत सगळी कात उतरते. निरीक्षण म्हणून काय वाईट आहे? त्याच्यानंतर तीनशे-चारशे वर्षांनी रोमन प्लिनी आला आणि त्याने त्यात स्वतःची भर घातली. साप बडीशेपेच्या जातीच्या झाडावर अंग घासून कात काढतो आणि तिच्यावरच डोळे चोळून नजर साफ करून घेतो, असे त्याने ठोकून दिले. तेव्हापासून हॉटेलात बिलाबरोबर बडीशेपेची वाटी आली की मला प्लिनी आठवतो. बिल पाहून आपल्याही डोळ्यांपुढे अंधारी येतेच.

खरा प्रकार असा आहे. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पापणीच्या जागी एक पारदर्शक खवला असतो, म्हणजे जन्मतःच चष्मा. तो चष्मा कातडीचाच भाग. सापाचे शरीर वाढते पण वरची कातडी वाढत नाही. ती आपल्या नखांसारख्या केराटिनची, मेलेली, ताठर. म्हणून आतून नवी कातडी तयार होते. जुने लेजर बंद करायचे आणि नवे उघडायचे, पण काही दिवस दोन्ही चालू ठेवायची, असा हा मार्च अखेर असतो. जुन्या आणि नव्या थरांमध्ये एक द्रव साठतो. त्याने अंगाचा रंग मळकट पडतो आणि डोळ्यांवर दुधी-निळसर साय येते. या काळात सापाला धड दिसत नाही. दिसत नाही म्हणून तो घाबरतो, घाबरतो म्हणून लपतो, आणि लपता आले नाही तर चावायला धावतो. तापटपणा वगैरे काही नाही. तुमच्या डोळ्यांत औषध घालून तासभर बाकावर बसवले आणि कोणी खांद्यावर हात ठेवला, तर तुम्हीही दचकून हात झटकाल.

पुढची गंमत अशी की कात पडण्याआधी दोन-चार दिवस डोळे पुन्हा निवळतात. बघणाऱ्याला वाटते, बरा झाला. खरे काम तेव्हा सुरू होते. साप दगडाच्या कडेला, खडबडीत बुंध्याला ओठ घासतो. ओठाच्या कडेला कात फाटते, मग ती डोक्यावरून मागे उलटत जाते आणि साप तिच्यातून सरपटत बाहेर येतो. आपण घाईत मोजा काढतो तशी ती उलटी होऊन, बहुतेक अखंड, मागे राहते. चष्म्याच्या दोन काचाही तिच्यातच असतात. ती मोजली तर सापापेक्षा लांब भरते, कारण खवल्यांमधल्या घड्या ताणल्या जातात. सापडलेल्या कातेवरून लोक सापाची लांबी सांगतात त्यात वाढ असते ती अशी. उरलेली वाढ सांगणाऱ्याची. पिल्ले वाढीची म्हणून वारंवार कात टाकतात, मोठे साप वर्षातून थोड्या वेळा. हवा फार कोरडी असली तर कात तुकड्यांनी निघते, कधी डोळ्यावरचा खवला तसाच चिकटून राहतो. म्हणून साप पाळणारे या दिवसांत ओलसर जागा देतात. भाईंदरला त्याची गरज नाही. आमच्याकडे पावसाळ्यात पापडालासुद्धा पाझर फुटतो.

हे सगळे आपल्या मुंबईत नीट अभ्यासायला सुरुवात झाली ती १८८३ साली. त्या वर्षी १५ सप्टेंबरला आठ गृहस्थांनी भायखळ्याच्या म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, जमून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. आठांत दोन आपले होते. एक प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग, दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. पुढच्याच वर्षी सोसायटीचे बिऱ्हाड फिप्सन नावाच्या साहेबाच्या फोर्ब्स स्ट्रीटवरच्या जागेत गेले. हे साहेब धंद्याने दारूचे व्यापारी. दारूच्या दुकानाशेजारी सापांचा संग्रह असला की लोक आधी काय पाहत आणि नंतर काय पाहत, याचा हिशेब मात्र कोणी ठेवलेला नाही. सोसायटीच्या नियतकालिकात १९०५ पासून फ्रँक वॉल नावाचे लष्करी डॉक्टर भारतातल्या नेहमीच्या सापांवर एकेक करून लेख लिहीत गेले. आजही सापांचा अभ्यासक वॉलसाहेबांच्या दारावरून गेल्याशिवाय पुढे जात नाही.

तिकडे परळला गव्हर्नराचा जुना वाडा होता. १८९९ साली त्यात हाफकिनसाहेबांची प्लेगची प्रयोगशाळा आली आणि १९२५ पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणू लागले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांचे विष काढायचे, ते थोडेथोडे घोड्याला टोचायचे आणि घोड्याच्या रक्तातून उतारा काढायचा, हे काम तिथे चाले. तिथलेच डॉ. पी. जे. देवरस यांनी सापांवर पुस्तक लिहिले, ते १९६५ साली नॅशनल बुक ट्रस्टने काढले. ज्या वाड्यात गव्हर्नर राहिला तिथे पुढे नाग राहिले. कातावण्याची परंपरा खंडित झाली नाही.

आणि मग पुण्याचे नीलिमकुमार खैरे. १९८० च्या जानेवारीत हा तरुण ७२ विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत ७२ तास बसला. उद्देश असा की साप उगाच चावत नाही हे लोकांना दिसावे. पुणेकर रांगा लावून पाहायला गेले. आम्ही बँकवाले काचेच्या केबिनमध्ये वर्षानुवर्षे बसतो, पण आमच्यासाठी रांग लागते ती आम्हाला चावायला. पुढे १९८६ साली कात्रजला सर्पोद्यान झाले आणि शाळांच्या सहलींना शनिवारवाड्यानंतरचे ठिकाण मिळाले.

सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याचा रिवाज याहून जुना. नागपंचमीच्या आधी जिवंत नाग धरायचे, मडक्यांत घरी ठेवायचे, पंचमीला पूजा-मिरवणूक करायची आणि नंतर सोडून द्यायचे. गावाची माया खरी होती, पण मडक्यातला एखादा नाग ऐन तेव्हा कातेवर आला तरी त्याच्यासाठी पंचमी काही पुढे ढकलली जात नसणार. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, पुढे उच्च न्यायालयाचे आदेश आले आणि त्या जिवंत मिरवणुकीला बंदी झाली. २०२२ ची दुरुस्ती लागू झाल्यापासून नाग, घोणस आणि आपली साधी धामणसुद्धा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला बसली आहे.

हा कायदा मला तोंडपाठ आहे तो चिरंजीवांमुळे. गेल्या वर्षी त्यांनी साप पाळण्याचा प्रस्ताव मांडला. "आपला नाही बाबा, आफ्रिकेतला. बॉल पायथन. गुंडाळून बसतो नुसता." मी म्हटले, गुंडाळून बसणारा एक घरात आहे. मग त्याला समजावले की भारतातला साप पाळणे हा सरळ गुन्हा, आणि परदेशी पाळायचा तर २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. म्हणजे सापाचे केवायसी. हे ऐकल्यावर चिरंजीव जे कातावले ते तीन दिवस खोलीबाहेर आले नाहीत. जेवण परत गेले. सौ. म्हणाली, "तुम्ही काही बोलू नका. येईल तो." चौथ्या दिवशी आला, जेवला, आणि उंचीला माझ्यापेक्षा बोटभर जास्त दिसला.

अशातच श्रावणात सोसायटीच्या मागच्या भिंतीशी, जुन्या लाद्यांच्या ढिगात, सहा फुटी धामण निघाली. पाच मिनिटांत सगळी इमारत खाली. वॉचमनच्या हातात काठी, सेक्रेटरींच्या हातात छत्री, आणि मुलांच्या हातात मोबाइल. धामण हलेना. डोळे पांढुरके.

"मेली वाटतं," कोणी म्हणाले. तेवढ्यात ती मेलेली नसल्याचे तिने तीन हात उडी घेऊन दाखवले. समोर कोणी नसताना ती भलत्याच बाजूला, भिंतीवर आदळली आणि पुन्हा लाद्यांत शिरली. गर्दी मात्र जिन्यापर्यंत मागे गेली.

"घाला काठी!" सेक्रेटरी दुसऱ्या पायरीवरून म्हणाले.

तेवढ्यात चिरंजीवांनी बोलावलेला सर्पमित्र आला. वीस-बावीस वर्षांचा पोरगा, हातात आकडा आणि कापडी पिशवी. त्याने खाली बसून पाहिले आणि म्हणाला, "काका, कातेवर आलीय ती. दिसत नाहीये तिला. धामणीला विष नसतं. उगाच हलवू नका, जागा ओलसर आहे, चांगली आहे. आठवडाभर कोणी इकडे येऊ नका, कात टाकेल आणि जाईल आपली आपण."

"आठवडाभर? आणि कोणाला चावली तर?"

तेव्हा तळमजल्यावरचे नाना पुढे आले. नाना म्हणजे निवृत्त हेडक्लार्क. पंधरा दिवसांपूर्वीच त्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. काळा चष्मा, हातात काठी. सोसायटीच्या सभेत नाना एरवी फक्त पाण्याच्या वेळेवर बोलतात.

"डोळ्याला पट्टी होती तेव्हा मी घरात सगळ्यांच्या अंगावर ओरडत होतो," नाना म्हणाले. "सुनेने ताट पुढे केलं तर ताट फेकलं. दिसत नव्हतं हो. कोण येतंय, कशाला येतंय, काही कळत नाही तेव्हा माणूस काय करणार? तिने मला आठ दिवस दिले. तुम्ही हिला द्या."

कोणी काही बोलले नाही. वॉचमनने काठी भिंतीला टेकवली. नानांच्या सूनबाई जिन्यात उभ्या होत्या, त्या आत गेल्या.

दोरी बांधली गेली. रात्रीचा पहारा चिरंजीवांनी आपणहून घेतला. नववीतून सुटल्यानंतर त्यांनी आपणहून घेतलेली ही पहिली जबाबदारी. सहाव्या दिवशी सकाळी लाद्यांवर कात दिसली, कागदासारखी, उन्हात चमकणारी, सबंध. धामण गेली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, तिजोरीत ठेवा, बरकत येते. मी बँकेतला माणूस असल्यामुळे सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटले, व्याजदर यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही. शेवटी ती तिथेच राहिली. दुपारी एका साळुंकीने तिचा तुकडा घरट्यासाठी उचलून नेला. नाना खुर्ची टाकून बाहेर बसले होते. नव्या डोळ्याने त्यांनी तो तुकडा साळुंकीच्या चोचीत पार विजेच्या खांबापर्यंत पाहिला आणि दोनदा सांगितला.

या सगळ्याचा लेखी पुरावाही आहे. पुढच्या मासिक सभेच्या इतिवृत्तात सेक्रेटरींनी स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे: "सोसायटीच्या मागील आवारात विनापरवाना वास्तव्य करीत असलेल्या सापास आठ दिवसांची मुदत देण्यात आली. सदर सापाने मुदतीपूर्वीच जागा रिकामी करून दिल्याबद्दल सभा समाधान व्यक्त करते. मेन्टेनन्स थकवलेल्या सभासदांनी नोंद घ्यावी."